गोल आठ यार्डांचाच राहू द्या

महिला फुटबॉलमध्ये गोल छोटा करा, असं म्हणणारी माणसं महिला फुटबॉलची वैरी नाहीत, हे मी आधीच मान्य करते. जानेवारी २०२० मध्ये हा विचार जाहीरपणे मांडणाऱ्या एमा हेज तेव्हा चेल्सीच्या महिला संघाच्या प्रशिक्षक होत्या. बायकांच्या खेळासाठी त्यांच्याइतकं काम फार थोड्यांनी केलं आहे. पुढे २०२४ ला पॅरिसमध्ये अमेरिकेच्या संघाला त्यांनी ऑलिंपिक सुवर्णही मिळवून दिलं. त्यांचा मुद्दा कळवळ्याचा होता. बाईचं शरीर वेगळं, उंची वेगळी, आणि गोल मात्र पुरुषांचाच. मग गोलरक्षक मुलींवर लोक तुटून पडतात, तेव्हा दोष त्यांचा की त्यांच्या मागच्या चौकटीचा?

प्रश्न आपल्या माणसाकडून आला आहे म्हणूनच त्याचं उत्तर नीट द्यायला हवं. वैऱ्याचं बोलणं कानाआड करता येतं. आपल्याच माणसाने कळवळ्याने सांगितलेलं मनात घर करून बसतं. मी कोल्हापुरात रविवारी सकाळी आठ-दहा मुलींना गोलरक्षण शिकवते. स्वतः कॉलेजात असताना पोस्टमध्ये उभी राहायचे. मुलींना सोडायला आलेल्या आयाबापांपैकी कुणीतरी दर वर्षी विचारतंच, "मॅडम, पोस्ट जरा मोठी नाही का होत हिला?" शेजारी हातमोजे चढवत उभी असलेली मुलगी ते ऐकते. पहिला चेंडू तिच्यावर येण्याआधीच, ही जागा आपल्या मापाची नाही हे तिच्या कानावर पडलेलं असतं.

माप कुणाचं आहे ते आधी बघू. डिसेंबर १८६३ मध्ये लंडनमध्ये फुटबॉल असोसिएशनने पहिले नियम लिहिले. त्यात दोन खांबांमधलं अंतर आठ यार्ड ठरलं, म्हणजे ७.३२ मीटर. वरची दांडी तेव्हा नव्हतीच. ती मागाहून आली आणि आठ फुटांवर, म्हणजे २.४४ मीटरवर स्थिरावली. त्या काळचा सरासरी इंग्लिश पुरुष साडेपाच फुटांच्या आसपासचा होता. इंग्लंडसाठी विश्वचषकाची अंतिम लढत खेळलेली गोलरक्षक मेरी अर्प्स पाच फूट आठ इंच आहे. हे माप ज्या पुरुषांनी ठरवलं, त्यांच्यातल्या बहुतेकांपेक्षा ती उंच भरेल. पुढच्या दीडशे वर्षांत पुरुष वाढत गेले. इटलीचा गोलरक्षक जानलुइजी डोनारुम्मा सहा फूट पाच इंच आहे, आणि गोल आहे तेवढाच आहे. १९९० च्या दशकात गोल थोडा मोठा करावा अशी कल्पना फिफातून पुढे आली होती. तिचं पुढे काही झालं नाही. मेक्सिकोचा गोलरक्षक होर्हे काम्पोस साडेपाच फुटांच्या जेमतेम वर असून १९९४ आणि १९९८ चे विश्वचषक खेळला. त्याच्यासाठी कुणी फीत काढली नाही. तो उडी कशी घेतो, पुढे कधी येतो, याचीच चर्चा झाली.

यावर लगेच व्हॉलीबॉलचा दाखला येतो. पुरुषांची जाळी २.४३ मीटर, बायकांची २.२४. अडथळ्यांच्या शर्यतीत पुरुषांचा अडथळा १.०६७ मीटर, बायकांचा ०.८३८. गोळाफेकीत ७.२६ किलो आणि ४ किलो. तिथे चालतं मग इथे का नको? दाखला वजनदार वाटतो, म्हणून त्यावर थोडं थांबते.

व्हॉलीबॉलची जाळी दोन्ही बाजूंना सारखीच उंच असते. ती खाली आणली तर दोन्ही संघांना सारखाच फायदा होतो. अडथळा आणि गोळा यांच्यासमोर तर प्रतिस्पर्धी नसतोच, खेळाडू आपल्या शरीराशी लढत असते. गोल मात्र दोघींच्या भांडणाची जागा आहे. एका बाजूला अडवणारी आणि दुसऱ्या बाजूला मारणारी. अडवणारीला दिलेली प्रत्येक इंच जागा मारणारीच्या हातून काढलेली असते. आणि मारणारीही बाईच आहे. गोलरक्षकाचे हात पुरुषाइतके लांब नसतील, तर समोरचीची किकही पुरुषाइतकी जोरात येत नाही. हा हिशेब मैदानावर आपोआप जुळलेला आहे. गोल छोटा करणारे यातली एकच बाजू मोजतात. त्यांच्या डोळ्यांसमोरचा चेंडू पुरुषाने मारलेला असतो आणि अडवायला मात्र बाई उभी असते. तो सामना कुठे खेळला जात नाही.

आणि मैदानाचं काय? आमच्या कोल्हापुरात फुटबॉल तालमीतालमींचा, पेठापेठांचा खेळ आहे. हंगाम सुरू झाला की मैदानाचा तुकडान् तुकडा वाटलेला असतो. मुलींना वेळ मिळते ती मुलांचं आटोपल्यावर, नाहीतर उजाडायच्या आत. पोस्ट तेच, जाळी तीच. उद्या बायकांचा गोल वेगळा झाला, तर पहिला प्रश्न येईल, तुमचे पोस्ट कुठे आहेत? आणि ते येईपर्यंत मुली बाहेर. ज्या खेळात मुलींना मुलांच्या मैदानावर जागा मागून घ्यावी लागते, तिथे वेगळं माप हे बाहेर ठेवण्याचं साधन कसं होतं, हे आम्हाला कुणी शिकवायला नको. २०१७ पर्यंत फुटबॉलच्या नियमपुस्तकात अशी सवलत होतीच. सोळा वर्षांखालची मुलं, पस्तिशी ओलांडलेले, अपंग खेळाडू आणि बायका यांच्या सामन्यांसाठी मैदान, चेंडू, गोलाची रुंदी आणि उंची बदलायला मुभा असे. चौघांची एकच रांग. त्या रांगेतून बायकांचं नाव काढायला २०१७ उजाडावं लागलं. ते परत तिथे लिहायचं नाही.

आता गोलरक्षणाबद्दल, कारण ही सूचना करणाऱ्यांपैकी अनेकांना गोलरक्षण म्हणजे खांबांच्या मधोमध उभं राहून उडी मारणं वाटतं. हात पोहोचला तर वाचलं, नाही पोहोचला तर गोल.

कागद घ्या आणि रेघा ओढून बघा. मारणारी गोलासमोर अकरा मीटरवर, अगदी मध्ये आहे. गोलरक्षक रेषेवरच उभी राहिली तर तिला ७.३२ मीटर रुंदी राखायची आहे. ती चार मीटर पुढे आली, तर मारणारीपासून दोन खांबांकडे जाणाऱ्या रेघांमधलं तिच्या जागेवरचं अंतर उरतं साधारण ४.७ मीटर. अडीच मीटरहून जास्त गोल तिने आपल्या पायांनी कमी केला. गोल आखडून छोटा करण्याच्या कुठल्याही समंजस सूचनेत एवढी कपात नसेल. पण तेवढं पुढे येण्यात धोका असतो. डोक्यावरून चेंडू जाऊ शकतो, बाजूला पास जाऊ शकतो. म्हणून कधी निघायचं, किती यायचं आणि किक बसायच्या क्षणी दोन्ही पाय जमिनीवर रोवून कसं थांबायचं, हे शिकावं लागतं. धावत असताना उडी घेता येत नाही. थांबलेल्या पायांतूनच ती निघते. हे शंभरदा सांगून येत नाही, हजारदा करून येतं. आणि करून घ्यायला गोलात उभं राहिलेलं कुणीतरी समोर लागतं.

मागे जाणं तर त्याहून कठीण. १९ जुलै २०२५ रोजी बाझेलमध्ये युरोच्या उपांत्यपूर्व फेरीत जर्मनी फ्रान्सशी खेळत होती. तेराव्या मिनिटापासून जर्मनीच्या दहाच खेळाडू मैदानात होत्या. जादा वेळेत त्यांच्याच एका खेळाडूच्या डोक्याला लागून चेंडू उंच उडून आपल्याच गोलाकडे निघाला. गोलरक्षक आन-काटरिन बेर्गर पुढे होती. ती उलट पावलांनी मागे गेली आणि मागे झेपावत रेषेवरून तो एका हाताने बाहेर काढला. ती तेव्हा ३४ वर्षांची होती आणि थायरॉइडच्या कर्करोगातून दोनदा उठून आलेली. नंतर टायब्रेकरमध्ये तिने दोन पेनल्टी अडवल्या आणि एक स्वतः मारली. उंच चेंडू बायकांच्या डोक्यावरून जातो म्हणणाऱ्यांनी त्या झेपेतले पाय बघावेत. हात तर शेवटी पोहोचला. चेंडू तिच्या आवाक्यात पायांनी आणला.

दांडीखाली घुसणारे लांबून आलेले गोल बायकांच्या सामन्यांत होतात, हे मी नाकारत नाही. माझ्यावरही झाले आहेत, आणि त्यातले काही माझ्या आवाक्याबाहेरचे होते. पण बरेचसे मी चुकीच्या जागी उभी होते म्हणून झाले. योग्य जागा कोणती हे मला एकोणिसाव्या वर्षापर्यंत कुणी दाखवलं नव्हतं. आमच्या वेळी गोलमध्ये उभं करायचं ते जिला धावायला जमत नाही तिला. शाळेतली उंच मुलगी आधीच व्हॉलीबॉलच्या नाहीतर बास्केटबॉलच्या सरांनी उचललेली असायची. आजही तसंच आहे. गोलापर्यंत उंच मुली पोहोचत नाहीत आणि मग गोलरक्षक मुली बुटक्या असतात, हा निसर्गाचा नियम म्हणून सांगितला जातो.

म्हणूनच मी उंचीऐवजी कारकिर्दीकडे बोट दाखवते. गोलरक्षकाचं कौशल्य उंचीतून थोडं आणि वर्षांतून पुष्कळ येतं. ती वर्षं तिला मिळाली का?

मेरी अर्प्सचा जन्म मार्च १९९३ चा. इंग्लंडची महिला सुपर लीग संपूर्ण व्यावसायिक झाली २०१८ च्या हंगामात. तेव्हा ती पंचवीस वर्षांची होती. तोवर देशाच्या सर्वोच्च पातळीवर खेळतानाच तिने लफबरो विद्यापीठातून पदवी घेतली होती, कारण गोलरक्षणावर पोट भरेल याची खात्री नव्हती. डोनारुम्मा सोळाव्या वर्षी मिलानच्या पहिल्या संघात उभा राहिला. त्याआधीच्या वर्षांत अकादमी, रोजचा सराव, स्वतंत्र गोलरक्षण प्रशिक्षक, डॉक्टर, खाणंपिणं, सगळं त्याच्यासाठी मांडून ठेवलेलं. पंचविसाव्या वर्षी त्याच्यामागे व्यावसायिक फुटबॉलची नऊ वर्षं जमा होती. पंचविसाव्या वर्षी अर्प्सच्या देशातली लीग कुठे पूर्णवेळ व्हायला लागली. या दोघांची तुलना करून मधला फरक इंचांत मोजणं हा अन्याय आहे.

तिची पुढची वाटही सरळ नव्हती. नोव्हेंबर २०१९ नंतर राष्ट्रीय संघातून तिचं नाव गेलं आणि जवळजवळ दोन वर्षं परत आलं नाही. खेळ सोडून द्यावा इथपर्यंत ती पोहोचली होती, हे तिने स्वतः नंतर सांगितलं आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये सरिना वीगमन प्रशिक्षक म्हणून आल्या आणि त्यांनी तिला बोलावून पहिल्या क्रमांकाची जागा दिली. जुलै २०२२ मध्ये वेम्बलीवर ८७,१९२ प्रेक्षकांसमोर इंग्लंडने जर्मनीला हरवून युरो जिंकला तेव्हा गोलमध्ये ती होती. २० ऑगस्ट २०२३ ला सिडनीत विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात स्पेनच्या हेन्नी एर्मोसोची पेनल्टी तिने धरली. सामना ०-१ असा गेला, पण स्पर्धेची सर्वोत्तम गोलरक्षक तीच ठरली. दोन वर्षांत तिची उंची एक सेंटिमीटरही वाढली नव्हती. विश्वास, पगार, सराव आणि सलग सामने मिळाले होते.

नादीन अँगेरेरचं याहून लांबलेलं. तिने जर्मनीसाठी पहिला सामना १९९६ मध्ये खेळला आणि अकरा वर्षं बहुतेक काळ सिल्के रोटेनबर्गच्या मागे बाकावर काढली. २००७ ला चीनमधल्या विश्वचषकात तिला जागा मिळाली. सहा सामने, ५४० मिनिटं, एकही गोल नाही, आणि अंतिम सामन्यात ब्राझीलच्या मार्ताची पेनल्टी अडवलेली. पुरुषांच्या विश्वचषकात इटलीच्या वॉल्टर झेंगाने १९९० साली ५१७ मिनिटं गोल होऊ दिला नव्हता. गोल दोघांचाही तोच, ७.३२ बाय २.४४. अँगेरेरसमोर बायका होत्या, हे कुणी सुनावेल तर सुनावू दे. माझं म्हणणं तेच आहे. बायकांच्या खेळात हा गोल बायकांना राखता येतो. २०१३ च्या युरो अंतिम सामन्यात नॉर्वेच्या दोन पेनल्टी अडवल्या तेव्हा ती ३४ वर्षांची होती. त्या वर्षी फिफाने तिला जगातली सर्वोत्तम खेळाडू ठरवलं. तो मान बाई गोलरक्षकालाच काय, पुरुष गोलरक्षकालाही त्याआधी कधी मिळाला नव्हता.

यावर मला हमखास ऐकवतात, "मग १३-० चं काय?" ११ जून २०१९ ला विश्वचषकात अमेरिकेने थायलंडला तेरा गोल मारले. ती चित्रफीत अजून फिरते आणि तिच्याखाली गोल छोटा करा असं लिहिलेलं असतं. पण पाचच दिवसांनी पॅरिसमध्ये तीच अमेरिका, त्याच स्पर्धेत, तेवढ्याच गोलासमोर चिलीविरुद्ध तीन गोल करू शकली. सामन्याची सर्वोत्तम खेळाडू ठरली हरलेल्या संघाची गोलरक्षक, क्रिस्तियाने एंडलर. ती उंच आहे, हे मला मान्य आहे. पण ती युरोपातल्या मोठ्या क्लबमध्ये रोज जगातल्या सर्वोत्तम फटक्यांसमोर उभी राहत होती, हेही त्याच दमात सांगायला हवं. तिच्या देशाचा संघ मात्र २०१६ मध्ये फिफाच्या क्रमवारीतून निष्क्रिय म्हणून बाहेर पडला होता, कारण सामनेच खेळवले जात नव्हते. त्या वर्षी चिलीच्या खेळाडूंनी स्वतःची संघटना उभी केली आणि तिच्यात एंडलरही होती. संघ विश्वचषकापर्यंत आला तो मैदान मागून, भांडून. आणि थायलंडच्या गोलरक्षकाला त्या दिवशी अर्धा मीटर छोटा गोल दिला असता, तर तेराचे दहा झाले असते. तिच्या पुढचा बचाव कोलमडला होता. तिच्या देशातलं महिला फुटबॉल आणि अमेरिकेतलं महिला फुटबॉल यांच्यामध्ये पैशाचं आणि वर्षांचं अंतर होतं. ते खांब सरकवून मिटत नाही.

वर्षं कुठे गेली, हेही सांगायला हवं. २६ डिसेंबर १९२० रोजी लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर बायकांचा सामना बघायला ५३,००० लोक आले होते. वर्षभरात, डिसेंबर १९२१ मध्ये, हा खेळ बायकांना योग्य नाही असं ठरवून इंग्लिश फुटबॉल असोसिएशनने आपल्या क्लबांची मैदानं त्यांना बंद केली. बंदी उठली ती १९७१ मध्ये. जर्मनीत १९५५ ते १९७०, ब्राझीलमध्ये १९४१ ते १९७९. आईने मुलीला सांगावं, प्रशिक्षकाने शिष्येला द्यावं, असं जे काही या खेळात साठत जातं ते बायकांसाठी दोन पिढ्या साठलंच नाही. ज्या खेळाने बाईला पन्नास वर्षं गोलाजवळ उभं राहू दिलं नाही, त्याने आता तिला उंचीचं कारण सांगू नये.

आपल्याकडे तर हिशेब अजून ताजा आहे. अदिती चौहान २०१५ मध्ये लंडनच्या वेस्ट हॅम युनायटेडच्या महिला संघात गेली आणि इंग्लंडच्या लीगमध्ये खेळणारी पहिली भारतीय बाई ठरली. तीही अर्प्ससारखीच लफबरोत शिकत होती. ती तिकडे गोल राखत होती तेव्हा भारतात बायकांची राष्ट्रीय लीगच नव्हती. इंडियन विमेन्स लीग सुरू झाली २०१६-१७ च्या हंगामात. सुरुवातीची वर्षं अंतिम फेरी एका शहरात मोजक्या आठवड्यांत उरकायची, आणि घरच्या-बाहेरच्या मैदानांवर फिरत चालणारी लीग यायला २०२३-२४ उजाडलं. गोलरक्षक घडते सामन्यांतून. बचावातली मुलगी सरावात बरंच शिकते, पण नव्वद मिनिटांत ऐंशी मिनिटं काही न करता उभं राहून एक्याऐंशीव्या मिनिटाला अचूक असणं हे फक्त सामन्यात कळतं. ते सामनेच आपल्या मुलींना मिळाले नाहीत.

२० जानेवारी २०२२ रोजी नवी मुंबईत डी. वाय. पाटील स्टेडियमवर आशिया चषकात भारत इराणशी खेळला. गोलमध्ये अदिती होती आणि सामना ०-० सुटला. तीन दिवसांनी चायनीज तैपेईविरुद्धचा सामना होऊच शकला नाही. संघात कोविड पसरला होता आणि तेरा खेळाडूही उभ्या राहत नव्हत्या. घरच्या मैदानावरचा आशिया चषक, महाराष्ट्रात खेळवलेला, भारतासाठी एका सामन्यात संपला. आपल्याच देशात ही स्पर्धा खेळण्याची संधी गोलरक्षकाच्या आयुष्यात किती वेळा येते? तिच्या बाबतीत ती नव्वद मिनिटांची ठरली आणि त्या नव्वद मिनिटांत तिच्यावर गोल झाला नाही. जुलै २०२५ मध्ये ती निवृत्त झाली. त्याच महिन्यात, ५ जुलैला, चियांग माईमध्ये भारताने थायलंडला २-१ ने हरवून २०२६ च्या आशिया चषकाची पात्रता मिळवली. गोलमध्ये मणिपूरची पंथोई चानू होती. सहा वर्षांपूर्वी तेरा गोल खाल्लेल्या त्याच थायलंडला, त्यांच्याच घरी. गोल कुणी छोटा केलेला नव्हता.

आणखी एक गोष्ट मला सतावते, ती चुकीबद्दल. मे २०१८ मध्ये कीव्हला चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात लिव्हरपूलच्या लोरिस कारियसने दोन ढोबळ चुका केल्या. जगभर चर्चा झाली ती कारियसची. पुरुषांना हे जमत नाही, असं कुणी लिहिलं नाही. मुलीच्या हातून चेंडू निसटला की चर्चा मुलींची होते. कारियसला काही दिवसांत बॉस्टनच्या डॉक्टरांनी तपासलं आणि त्या सामन्यात त्याच्या मेंदूला धक्का बसला होता असं निदान केलं. ब्रायना स्करीचं काय झालं? १९९९ ला रोझ बाउलवर नव्वद हजारांहून जास्त प्रेक्षकांसमोर चीनच्या लिऊ यिंगची पेनल्टी अडवून तिने अमेरिकेला विश्वचषकाजवळ नेलं होतं. एप्रिल २०१० मध्ये क्लबच्या सामन्यात समोरच्या खेळाडूचा गुडघा तिच्या डोक्यावर आदळला आणि खेळ तिथेच संपला. डोकेदुखी आणि नैराश्य घेऊन, विमा कंपनीशी भांडत तिने तीन वर्षं काढली. दोन्ही ऑलिंपिक सुवर्णपदकं गहाण टाकली. शस्त्रक्रिया झाली ऑक्टोबर २०१३ मध्ये. गोलरक्षक मुलीला खरोखर काय वाचवायला हवं असा प्रश्न असेल, तर मी त्या तीन वर्षांकडे बोट दाखवीन.

तिला मोजायला लोक पुढे येतात, तिची दखल घ्यायला येत नाहीत. २०२३ च्या विश्वचषकाआधी नायकीने इंग्लंडच्या महिला संघाच्या जर्सी विक्रीला ठेवल्या, फक्त गोलरक्षकाची सोडून. अर्प्स उघडपणे म्हणाली की हे मनाला लागणारं आहे. दीड लाखाहून जास्त लोकांनी निवेदनावर सह्या केल्या आणि कंपनीला माघार घ्यावी लागली. जर्सी आली तेव्हा काही तासांत संपली. तिच्यासारखी व्हायला निघालेल्या मुली आहेतच, हे त्या सह्यांनी कंपनीला दाखवून दिलं.

२७ जुलै २०२५ ला बाझेलमध्ये युरोचा अंतिम सामना इंग्लंड आणि स्पेन यांच्यात १-१ वर थांबला आणि टायब्रेकर झाला. पेनल्टीत गोलरक्षकाला पुढे येता येत नाही. एक पाय तरी रेषेवर लागतो, म्हणजे पूर्ण ७.३२ मीटर तिच्या अंगावर. गोल मोठा पडतो हे खरं असेल तर ते इथे दिसायला हवं होतं. दोन्ही बाजूंनी मिळून नऊ किक झाल्या आणि गोल झाले चार. इंग्लंडच्या हॅना हॅम्पटनने दोन अडवल्या, त्यातली एक आयताना बोनमातीची. स्पेनच्या काता कोलनेही दोन अडवल्या. एक बाहेर गेली. हॅम्पटनला जन्मतः डोळ्यांत तिरळेपणा होता आणि अंतराचा अंदाज घेण्यात अडचण होती. हा खेळ तुझ्यासाठी नाही, असं लहानपणी डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं.

आमच्या मुलींना काय लागतं ते मी सांगते. सहा आणि सात नंबरचे हातमोजे लागतात. दुकानात मिळतात ते आठ-नऊचे, आणि ढिल्या हातमोज्यातून चेंडू निसटला की मुलगी म्हणते माझे हात लहान आहेत. आठवड्यातून तीन दिवस गोलरक्षणाचा वेगळा सराव लागतो. संघासोबतच्या सरावात शेवटची दहा मिनिटं फटके खायला उभं करणं हा सराव नव्हे. जिल्ह्यातल्या मुलींना वर्षात पंधरा-वीस सामने लागतात, चार नाही. डोक्याला मार लागला तर बदली गोलरक्षक बाकावर लागते, म्हणजे पहिलीला सामना सोडताना अपराधी वाटणार नाही. आणि पोस्टमध्ये उभी राहिलेली एखादी बाई मैदानाच्या कडेला लागते, जी ओरडून सांगेल, "पुढं ये, पुढं ये, आता थांब."

रविवारी साडेसहाला आमचा सराव सुरू होतो. पोस्ट मोठे वाटतात म्हणणाऱ्यांनी एकदा यावं आणि अकरा मीटरवर चेंडू ठेवून आमच्या चौदा वर्षांच्या मुलीसमोर उभं राहावं. ती चार मीटर पुढे येईल.